शब्दांकन की निनावी लेखन? दुसऱ्याचे पुस्तक लिहून देण्यापूर्वी

एखाद्या उद्योजकाचे किंवा निवृत्त अधिकाऱ्याचे आत्मकथन लिहून देण्याचे काम समोर आले, की मानधनाच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो : पुस्तकावर ‘शब्दांकन’ म्हणून आपले नाव जाणार, की ते सर्वस्वी त्यांचेच म्हणून बाहेर पडणार? मराठीत पहिली रीत चांगली रुळलेली आहे आणि तिच्यात कोणालाच कमीपणा वाटत नाही. दुसरी मात्र कुजबुजीतच चालते.

कष्ट दोन्हीकडे सारखेच असतात. तासाभराच्या ध्वनिमुद्रणातून सहज ७,००० शब्द उतरतात. म्हणजे ३० तासांच्या बैठकींनंतर दोन लाखांहून अधिक शब्द हाती येतात आणि त्यांतून ६०,००० शब्दांचे पुस्तक काढायचे असते. सांगणारा माणूस १९७२च्या दुष्काळावरून थेट मुलाच्या लग्नावर येतो, सालांची गल्लत करतो आणि भावाशी झालेल्या वाटणीचा विषय निघाला की चहा मागवतो.

खरा फरक पडतो तो भाषेत. शब्दांकनात मध्ये कोणीतरी लिहिणारा आहे हे वाचकाला ठाऊक असल्यामुळे लेखकाची घडी थोडी दिसली तरी खपते. निनावी लेखनात ती मुभा नसते. आयुष्यभर वऱ्हाडी बोललेला माणूस छापील पानावर अचानक पुणेरी वळणाने बोलू लागला, तर त्याच्या गावचे लोक पहिल्याच प्रकरणात हसतील. स्वतःची शैली आवडू लागलेल्या लेखकाने हे काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाव नसणे म्हणजे नेहमी अन्यायच, असेही नाही. टेनिसपटू आंद्रे आगासी यांचे २००९चे आत्मचरित्र लिहिणाऱ्या जे. आर. मोहरिंगर यांनी मुखपृष्ठावरचे नाव स्वतःहून नाकारले होते. ‘विकिलीक्स’चे संस्थापक ज्युलियन असांज यांनी आपल्या आत्मचरित्राच्या करारातून अंग काढून घेऊ पाहिले, तरी प्रकाशकाने २०११ मध्ये मसुदा छापलाच. त्या वादात पडद्यामागचे लेखक अँड्र्यू ओहेगन यांना पुस्तकावर नाव नसणे सोयीचेच ठरले असावे.

पैशाचा हिशेब मात्र निराळा करावा लागतो. ३०० रुपये किमतीच्या पुस्तकावर दहा टक्के स्वामित्वधन धरले आणि हजार प्रती संपल्या, तरी एकूण ३०,००० रुपयेच होतात आणि त्यातही वाटेकरी असतो. तेव्हा दोन्ही प्रकारांत ठरावीक मानधन टप्प्याटप्प्याने घेणेच बरे. निनावी कामाचा दर चढा असावा, कारण त्या पुस्तकाच्या जोरावर पुढचे काम मागता येत नाही.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीत नसलेल्या लेखकाकडेच सामान्यतः हक्क प्रथम राहतो आणि तो लेखी, सही केलेल्या करारानेच दुसऱ्याला देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. निनावी लेखकाकडून म्हणूनच कायमचे हस्तांतर आणि गोपनीयता दोन्ही मागितली जातात. ती द्यायला हरकत नाही. परंतु मसुद्यावर अंतिम शब्द सांगणाऱ्याचा की त्याच्या मुलाचा, आणि दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती, हे आधी लिहून घ्यावे.

पहिलेच काम असेल तर शब्दांकनच स्वीकारावे. दोन्हींत, पुढे “मी असे बोललोच नव्हतो” म्हणणारे भेटतात, म्हणून ध्वनिमुद्रणांची एक प्रत आपल्याजवळ राहील हे कलम मानधनाच्या आकड्याइतक्याच आग्रहाने मागावे.