खोपोली की हैदराबाद : वरखर्चाच्या बाजूने मांडलेला हिशेब

परभणीच्या स्थानकावरून देवगिरी एक्सप्रेस एका बाजूने मुंबईकडे जाते आणि दुसऱ्या बाजूने सिकंदराबादकडे. मुलांना एखादे मोठे थीम पार्क दाखवायचे ठरले की आपल्याकडच्या घरांत वाद होतो तो म्हणूनच दिशेवरून : खोपोलीजवळचे इमॅजिका, की हैदराबादची रामोजी फिल्म सिटी. प्रवेशाचे तिकीट दोन्हीकडे आगाऊ काढता येते, रेल्वेचे आरक्षणही आता 60 दिवस आधी होते, त्यामुळे हे दोन आकडे घर सोडण्यापूर्वीच ठरलेले असतात. हिशेब कोलमडतो तो त्यानंतरच्या वरखर्चात, आणि हा वरखर्च दोन्ही ठिकाणी अगदी वेगळ्या वळणाने होतो. पुढे मांडलेले आकडे आई-वडील, चौदा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा अशा चौघांसाठी मी स्वतः धरलेले अंदाज आहेत. हंगामाप्रमाणे ते थोडे वर-खाली होतील.

इमॅजिका रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात आहे. मुख्य पार्क 2013 साली सुरू झाले, 2014 साली त्याच्या शेजारी वॉटर पार्क आले आणि पुढे स्नो पार्कचीही भर पडली. आपल्याकडून रात्री देवगिरीत बसल्यास पहाटे कल्याण येते, तेथून खोपोली लोकल आणि पुढे रिक्षा, असा मार्ग पडतो. दिवसभर पार्क पाहून रात्री पुन्हा कल्याणहून परतीची गाडी धरली, तर मुक्कामाचा खर्च पूर्णपणे वाचतो. मात्र ही धावपळ लहान मुलाला आणि वयस्क माणसाला झेपेलच असे नाही.

येथील वरखर्चाचे मूळ फाटकाच्या आत आहे. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, त्यामुळे घरून नेलेली धपाटी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच संपवावी लागते आणि दुपारचे जेवण आतल्या भावानेच घ्यावे लागते. सकाळ-रात्रीचे बाहेरचे खाणे 900, आतले जेवण 1,600, चहा-पाणी व आइस्क्रीम 500, लॉकर 200, लोकल व रिक्षा 800 आणि मुलांच्या हौसेसाठी 1,000, असे मिळून दिवसाचे 5,000 रुपये मी धरले आहेत. पाण्याच्या बाटलीबाबत एक बारकावा लक्षात ठेवावा : एकाच मालावर दोन वेगळ्या छापील किमती टाकण्यास 1 जानेवारी 2018 पासून बंदी आहे आणि दुकानातून घेतलेल्या बंद बाटलीला छापील किमतीहून अधिक पैसे देण्याचे कारण नाही, परंतु बसून खाण्याच्या उपाहारगृहांना सेवेसह अधिक आकारणी करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2017 मधील निकालाने मिळालेली आहे. त्यामुळे जवळ रिकामी बाटली बाळगणे आणि पिण्याच्या पाण्याचा नळ कोठे आहे हे आत शिरताच विचारून घेणे, हा चौघांच्या कुटुंबासाठी खरा बचतीचा उपाय आहे.

वॉटर पार्कही करायचे असेल तर पोहण्याच्या कपड्यांचा प्रश्न येतो. सुती कपडे, साडी किंवा सलवार-कमीज घालून पाण्यातील राइडवर बसू देत नाहीत; नायलॉनचे किंवा तत्सम कपडे लागतात. ते तेथे भाड्याने किंवा विकत घेतल्यास चौघांचा आकडा एका जेवणाच्या पुढे जाऊ शकतो, म्हणून परभणी-नांदेडच्या बाजारातच ते आधी घेऊन ठेवणे शहाणपणाचे. रांग टाळण्यासाठी असलेल्या एक्सप्रेस तिकिटाचा मोह सुट्टीच्या दिवशी अनावर होतो. त्या पैशांत कित्येकदा मधल्या वाराचे तिकीट काढून जाणेच परवडते. आणखी एक गोष्ट म्हणजे मोठ्या राइडना उंचीची अट असते. आठ वर्षांच्या मुलाची उंची घरीच मोजून पाहावी, नाहीतर तो दिवसभर खाली उभा राहतो आणि त्याची समजूत काढण्याचा खर्च वेगळा होतो.

रामोजी फिल्म सिटीचे स्वरूप निराळे आहे. 1996 साली उभा राहिलेला हा परिसर सुमारे 1,666 एकरांवर पसरलेला असून जगातील सर्वांत मोठे चित्रपट-निर्मिती संकुल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. आतील बसफेरी तिकिटातच येते, पाण्यातील कपड्यांचा प्रश्न सहसा उद्भवत नाही, आणि बराच वेळ बसून पाहण्यात जात असल्याने आजी-आजोबांनाही दिवस निभावता येतो. आतला खर्च त्यामुळे मर्यादित राहतो. खर्च होतो तो तेथे पोहोचण्यात. शहरापासून हे ठिकाण विजयवाडा महामार्गावर तीसेक किलोमीटर दूर आहे. मेट्रोने एल. बी. नगरपर्यंत आणि पुढे बसने गेल्यास स्वस्त पडते, परंतु मुले दमलेली असताना परतीला टॅक्सीच होते, हे गृहीत धरावे. प्रवास 1,200, बाहेरचे खाणे 700, आतले जेवण 1,200, किरकोळ खाणे-पिणे 400 आणि मुलांसाठी 500, असा त्या दिवसाचा हिशेब 4,000 रुपयांचा होतो.

हा आकडा पाहून हैदराबाद स्वस्त, असा निष्कर्ष काढणे मात्र फसवे ठरेल. हैदराबादला जाऊन केवळ फिल्म सिटी पाहून परतलेले कुटुंब मी अद्याप पाहिलेले नाही. 1956 पर्यंत आपण मराठवाड्याची माणसे हैदराबाद राज्यातच होतो, आणि आजही लग्नाच्या खरेदीपासून मोठ्या दवाखान्यापर्यंत आपली माणसे तिकडे जातात. चारमिनारपाशी गेल्यावर लाड बाजारातील बांगड्या, बिर्याणी आणि नातेवाइकांसाठी फळांची बिस्किटे ओघाने आलीच. दुसऱ्या दिवसाचे खाणे 1,800, रिक्षा व मेट्रो 700, प्रवेश तिकिटे 500 आणि खरेदी 2,000 असे आणखी 5,000 रुपये धरावे लागतात, आणि मुक्कामाचे भाडे त्याहून वेगळे. म्हणजे खोपोलीचा खर्च एका दिवसात आणि एकाच आवारात संपतो, तर हैदराबादचा खर्च दोन दिवसांवर पसरतो आणि त्याला फाटक नसते.

एसटीने जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की महिलांची निम्म्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे आणि तेलंगणातील महिलांचा मोफत बसप्रवास तेथील रहिवाशांसाठीच आहे.

मुलगी मोठी असेल आणि तिला खरोखर थरारक राइडच हव्या असतील, तर हैदराबादच्याच रावीर्यालमध्ये 2016 पासून सुरू असलेले वंडरला हा पर्याय आहे. तेथील वरखर्च इमॅजिकाच्या वळणाने जातो. केवळ पाण्यात खेळायचे असेल, तर संभाजीनगरकरांनी शिर्डीचे वॉटर पार्क एका दिवसात करून परतावे, त्यासाठी एवढ्या लांबच्या हिशेबाची गरज नाही.

पैसे कसे न्यावेत, याबाबत दोन ठिकाणांना दोन पद्धती शोभतात. यूपीआय लाइट म्हणजे फोनमधले, पिन न टाकता वापरायचे छोटे पाकीट; त्यात एका वेळी जास्तीत जास्त 5,000 रुपये ठेवता येतात आणि एक व्यवहार 1,000 रुपयांपर्यंतचा होतो. खोपोलीच्या एका दिवसासाठी ही मर्यादा जणू मापूनच ठेवलेली आहे, फक्त आपोआप पैसे भरण्याची सोय बंद करून ठेवावी. हैदराबादला मात्र खरेदीचे पैसे रोख आणि वेगळ्या पाकिटात ठेवावेत, कारण बाजारात घासाघीस करताना पाकिटातील उरलेल्या नोटा डोळ्यांना दिसत राहतात. मुलांच्या वाट्याची रक्कमही सकाळीच त्यांच्या हाती द्यावी. स्वतःची नोट मोडताना तीच मुले आश्चर्य वाटावे इतकी काटकसरी होतात.

धाकटा उंचीच्या अटीत बसत असेल आणि बरोबर कोणी वयस्क नसेल, तर एकूण खर्चात खोपोली सरस ठरते. आजी बरोबर असेल तर हैदराबाद, आणि तेही सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर, दिवाळीनंतर. आमच्याकडे या वेळी आजी येणार असल्याने अजिंठा एक्सप्रेसचे आरक्षण झाले आहे, आणि लाड बाजारासाठी धरलेले दोन हजार तिने आताच तीन हजारांवर नेले आहेत.