भावनेच्या भरात खाणं: कडक डायट की वेळेवर जेवण?

टेन्शन आलं, एकटं वाटलं की पोट भरलेलं असूनही माणूस खातच सुटतो आणि दुसऱ्या दिवशी ठरवतो, आजपासून कडक डायट. मला हा पर्याय खरंच घातक वाटतो, कारण दिवसभर उपाशी राहिलं की संध्याकाळी भूक आणि मनातली घालमेल एकदमच अंगावर येते, मग फ्रीजसमोर उभ्याउभ्याच डबा रिकामा होतो, परत अपराधी वाटतं, परत उपास.

दुसरा पर्याय वेळेवर खाणं. तीन जेवणं, मधे दोन-तीनदा थोडं काहीतरी, साधारण ४ तासांपेक्षा जास्त गॅप नाही, आणि आदल्या रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही (हेच सगळ्यात जड जातं). सीबीटी थेरपीत (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) सुरुवातीला यावरच भर देतात, सोबत काय खाल्लं आणि तेव्हा मनात काय चाललं होतं ते लिहायला सांगतात. वजन लगेच उतरत नाही, हे मान्य.

कंट्रोल सुटून भरमसाठ खाणं आठवड्यातून एकदा तरी, असं ३ महिने चाललं असेल तर तो बिंज ईटिंग डिसऑर्डर असू शकतो, डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात ते अमेरिकन पुस्तक) २०१३ पासून त्याचं वेगळं निदान आहे, तेव्हा न लाजता डॉक्टरांशी बोला.