जुन्या छऱ्याच्या बंदुकांची स्पर्धा: कागद, घंटा की फुगे?

माळ्यावरून किंवा वाड्याच्या कोठीतून निघालेल्या जुन्या एअरगनची हौस असलेले आठ-दहा जण एकत्र आले, की एखाद्या रविवारी नेमबाजीची स्पर्धा घ्यावी असा विषय निघतोच, आणि लगेच पहिला वाद लक्ष्य कोणते ठेवायचे यावर होतो. साधारणपणे तीन पर्याय पुढे येतात: दहा मीटरवरचे छापील कागदी लक्ष्य, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या परिसरातील पब आणि क्लबमध्ये रुजलेले घंटेचे लक्ष्य, आणि आपल्या जत्रेतली फुग्यांची फळी. आयोजकाला यांतून एक निवडायचे असेल, तर आधी त्याने टेबलावर कोणत्या बंदुका येणार आहेत ते पाहावे. बक्षीस, चहापाणी आणि वेळापत्रक हे सारे त्यानंतरचे प्रश्न आहेत.

आमच्या पहिल्या स्पर्धेत एका टोकाला पहिल्या महायुद्धाआधीची, बीएसए या इंग्लिश कंपनीची एअर रायफल होती. लिंकन जेफ्रीज यांच्या रचनेवर बर्मिंगहॅममध्ये बनलेल्या या बंदुकीची नळी पक्की असते. खालचा दांडा ओढून स्प्रिंग चढवायची आणि वरच्या तोटीत छर्रा टाकून ती फिरवायची. मधल्या फळीत नळी बिजागरीवर खाली वाकवून भरायच्या, 'डायना' या जर्मन बनावटीच्या २७ आणि ३५ होत्या, तर दुसऱ्या टोकाला १९७० च्या दशकातली, खास स्पर्धेसाठी बनवलेली जर्मन फाइनवेर्कबाऊ ३०० एस ठेवलेली होती, जिच्यात चाप ओढल्यावर सगळी यंत्रणा दस्त्यावरच्या रुळांवरून मागे सरकते आणि खांद्याला धक्का जवळजवळ जाणवतच नाही. या तिन्हींना 'जुनी बंदूक' म्हणून एकाच रांगेत उभे केले, तर निकाल माणसाच्या नेमाचा राहत नाही, यंत्राचा होतो. त्यामुळे गट पाडायचेच असतील तर सालावरून पाडू नयेत. धक्का बसणारी बंदूक आणि धक्का न बसणारी बंदूक, तसेच नेम धरायची साधी खाच-माशी (मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी) आणि स्क्रूने बारीक जुळवता येणारी मागची पट्टी, अशा फरकांवरून पाडावेत, असे माझे मत आहे. साल शोधण्यातही कमी घोळ नसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर 'डायना' हे नाव स्कॉटलंडच्या मिलब्रो कंपनीकडे गेल्यामुळे राश्टाटच्या मूळ जर्मन कारखान्याचा माल ब्रिटनमध्ये कित्येक वर्षे 'ओरिजिनल' या नावाने विकला जात होता, त्यामुळे केवळ नाव वाचून वय ठरवणारा हमखास फसतो.

आता अंतराचा हिशेब पाहू, कारण निवडीचे खरे उत्तर त्यात आहे. स्प्रिंग सैल पडलेल्या किंवा हवा दाबणाऱ्या दट्ट्यावरचा चामड्याचा वॉशर कोरडा पडलेल्या बंदुकीत एका छऱ्याचा वेग सेकंदाला १५० मीटर, तर पुढच्याचा १३० मीटर असे सहज होऊ शकते. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर दहा मीटर जाईपर्यंत पहिला छर्रा सुमारे २२ मिलिमीटर आणि दुसरा सुमारे २९ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे दोघांत सात मिलिमीटरचा फरक पडतो. तोच फरक घंटेच्या लक्ष्याच्या सहा यार्डांवर, म्हणजे साडेपाच मीटरवर, जेमतेम दोन मिलिमीटर उरतो. आंतरराष्ट्रीय एअर रायफलच्या कागदावर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असून पुढची वर्तुळे अडीच-अडीच मिलिमीटरवर आहेत. म्हणजे हात दगडासारखा स्थिर असला तरी आजोबांच्या बंदुकीचा मालक निव्वळ स्प्रिंगमुळे जवळजवळ तीन गुण घालवतो.

तरीही कागदाची बाजू दुबळी म्हणता येणार नाही. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांच्यापासून २०२२ मध्ये विश्वविजेता झालेल्या रुद्रांक्ष पाटीलपर्यंत महाराष्ट्रात दहा मीटरची परंपरा इतकी पक्की आहे की ही कार्डे सहज मिळतात, गुण कसे मोजायचे हे निम्म्या लोकांना आधीच ठाऊक असते, आणि स्पर्धेनंतर प्रत्येकाला आपले कार्ड घरी नेता येते. यात एक युक्ती उपयोगी पडते: बंदूक रायफल असली तरी कार्ड पिस्तुलाचे लावावे. त्यात दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे आणि पुढची वर्तुळे आठ-आठ मिलिमीटरवर असल्यामुळे वर सांगितलेला सात मिलिमीटरचा फरक एका गुणाच्या आत सामावतो. कागदाची खरी अडचण वेळेची आहे. बारा स्पर्धक, प्रत्येकी दहा छर्रे आणि सरावाचे दोन, असे १४४ बार होतात; एका बाराला एक मिनिट धरले तरी एकाच रांगेत सुमारे अडीच तास जातात, आणि शिवाय भिंग घेऊन गुण मोजणारा एक माणूस दिवसभर खेळाबाहेर राहतो.

घंटेच्या लक्ष्यात ही सगळी कटकट उरत नाही. पोलादी पत्र्याच्या मधोमध तीन अष्टमांश इंचाचे, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचे भोक असते आणि मागे घंटा टांगलेली असते. छर्रा नेमका भोकातून गेला की घंटा वाजते आणि बाहेर लागला तर भोवतीच्या वर्तुळांनुसार कमी गुण मिळतात. पत्र्यावर न वाळणारा पांढरा रंग फासलेला असतो, त्यामुळे शिशाचा छर्रा आपटला की तिथे करड्या रंगाचा स्वच्छ डाग उमटतो, तो सगळ्यांना दिसतो आणि पुढच्या बाराआधी ब्रश फिरवला की पत्रा पुन्हा कोरा होतो. आम्ही शेतघराच्या पडवीत हे करून पाहिले तेव्हा झिंक ऑक्साइडची पूड व्हॅसलिनमध्ये कालवून रंग बनवला होता, आणि मंदिराबाहेरच्या दुकानातली पितळी घंटा टांगली होती. ती वाजली की स्वयंपाकघरातली माणसेसुद्धा डोकावत असत. साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याला त्या भोकात चहूबाजूंनी अडीच मिलिमीटर जागा मिळते, म्हणून सहा यार्डांवरचा दोन मिलिमीटरचा फरक तिथे बहुधा खपून जातो. उभे राहून, टेकू न घेता नेम धरायचा असल्यामुळे खेळ सोपाही होत नाही. हा प्रकार अशाच कमी ताकदीच्या, साध्या खाच-माशीच्या बंदुकांबरोबर वाढला, त्यामुळे त्याचे माप त्यांना बेतून शिवल्यासारखे बसते.

घंटेचा दोषही सांगितला पाहिजे. इतक्या जवळून पोलादावर आपटलेल्या शिशाचे कण मागे उडतात, म्हणून नेमबाजासह पाहणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा हवा, आणि लोखंडी गोल गोळ्या तर कोणत्याही परिस्थितीत वापरू देऊ नयेत, कारण त्या चपट्या न होता सरळ उलट फिरतात. पत्राही तयार मिळत नाही; फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून घ्यावा लागतो. त्या पत्र्यात भोकाच्या कडेला बारीकशी धार राहिली असेल तर चांगल्या नेमाचे छर्रेसुद्धा कातरले जातात आणि भांडणे होतात, तेव्हा कड कानशीने घासून घ्यावी.

फुग्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जत्रेतल्या स्टॉलवर तीन-चार मीटरवरून वाकड्या माशीच्या बंदुकीने फुगे फोडण्यात जी मजा होती ती तशीच येते, पण एवढा मोठा फुगा एवढ्या जवळून चुकणे कठीण, आणि मग पाच जण सारख्या गुणांवर अडकतात. उघड्यावर वारा सुटला की फळीवरचे फुगे हलू लागतात आणि नशिबाचा भाग वाढतो. मुले आणि पाहुणे असतील तर शेवटच्या अर्ध्या तासासाठी, बंदूक भरून देणारा मोठा माणूस शेजारी उभा ठेवून, हा प्रकार ठेवावा. मुख्य स्पर्धा म्हणून तो मी सुचवणार नाही.

लक्ष्य कोणतेही निवडले तरी दोन गोष्टी बदलत नाहीत. पहिली कायद्याची: २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरची (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअरगन परवान्याशिवाय ठेवता येते, मात्र .२२ इंच, म्हणजे साडेपाच मिलिमीटर बोअरची जुनी बीएसए कितीही अशक्त झालेली असली तरी या सवलतीत बसत नाही. निमंत्रणातच बोअर विचारून घ्यावे, म्हणजे दारात आलेल्या माणसाला परत पाठवण्याचा प्रसंग येत नाही. दुसरी तेलाची. आमच्यातल्या एका उत्साही सभासदाने स्पर्धेच्या सकाळी वॉशर ओला व्हावा म्हणून नळीतून चांगले चमचाभर मशीनचे तेल ओतले होते. पहिल्याच बाराला फटाक्यासारखा आवाज होऊन नळीतून निळा धूर निघाला, कारण दट्ट्याच्या दाबाने तापलेल्या हवेत तेलच पेटले होते, आणि त्यानंतरचे सहा छर्रे वर-खाली वाटेल तिथे गेले. चामड्याच्या वॉशरला दोन थेंब पुरतात आणि तेही आदल्या रात्री घालून बंदूक नळी वर करून उभी ठेवावी.

जमणाऱ्या बंदुकांपैकी निम्म्याहून अधिक १९६० नंतरच्या, खास स्पर्धेसाठी बनवलेल्या असतील आणि तीन रांगांची जागा असेल, तर दहा मीटर आणि कागद निवडावा. बीएसए, डायना, वेब्ली अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या जुन्या बंदुकांची सरमिसळ असेल, जागा पडवीएवढी असेल आणि वाट पाहणाऱ्यांनाही खेळात गुंतवायचे असेल, तर घंटा निवडावी. मी पुढच्या वेळी घंटाच लावणार आहे, फक्त बरोबरी झाली तर निकाल लावण्यासाठी पिस्तुलाची दोन कार्डे पिशवीत ठेवणार आहे.