मॉन्स्टर हंटर वर्ल्ड: सात महिने, एक डायब्लोस आणि आमची लाईट

शनिवारी रात्री 38 मिनिटं झुंजवल्यावर डायब्लोस, म्हणजे या शिकारीच्या व्हिडिओ गेममधलं वाळवंटातलं शिंगवालं अजस्त्र जनावर, लंगडायला लागला. वाळूतून पाय ओढत बिळाकडे निघाला, मी तलवारीला धार लावतोय, आणि लाईट गेली. बेळगावच्या अनगोळात हे काय नवीन नाही. पण या गेममध्ये शिकार चालू असताना सेव्ह होत नाही. लाईट आली तेव्हा सगळं पहिल्यापासून. वाटेत गोळा केलेला मधसुद्धा गेलेला. त्या रागात एक स्टार द्यायला बसलो होतो.

गेम 2018 चा, त्यामुळे ग्राफिक्सबद्दल सांगत बसत नाही. सेलमध्ये घेतला. याच मालिकेतला नवा वाइल्ड्स आणि त्याला लागणारं ग्राफिक्स कार्ड हा विषय घरात काढायची माझी हिंमत नाही.

चौदा शस्त्रांतून मी ग्रेट सोर्ड उचलली, दिसायला भारी म्हणून. पहिला महिना अंजनाथ नावाच्या जनावराने नुसता तुडवला. तीनदा आडवे झालात की शिकार फुकट. पोरं म्हणतात लेव्हल वाढव. इथं लेव्हलने ताकद वाढत नाही. मारलेल्या जनावराच्या हाडा-खवल्यांतून जे सामान बनेल तेवढंच. आणि जनावराचं किती रक्त उरलंय हे पडद्यावर दिसतच नाही. लाळ गळतेय, म्हणजे दमलंय. लंगडतंय, म्हणजे संपत आलंय. बघून ओळखायचं.

खरी गंमत तलवारीच्या वजनात आहे. बटण दाबून धरलं की ती तीन टप्प्यांत भरते, आणि एकदा सोडली की मधेच मागे घेता येत नाही. उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्याला हे समजवावं लागणार नाही: वितळलेल्या धातूची लॅडल कलली की कलली. डायब्लोस गर्जला की आपला शिकारी कान दाबून उभा राहतो आणि पुढच्या धडकेत उडतो. तीन महिन्यांनी कळलं, तलवार भरत असतानाच खांदा घातला तर गर्जना अंगावरून निघून जाते. पहिल्यांदा जमलं तेव्हा रात्री एक वाजता मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

तर लाईट. बाजारातून यूपीएस आणला. खोक्यावर 10 मिनिटं लिहिलेली, चालला 40 सेकंद. दुकानदार म्हणे, "लोड जास्त हाय की तुमचा." चार खेपा मारल्यावर बॅटरी बदलून दिली, तीही उपकार केल्यासारखी.

हे अर्धं लिहून ठेवलं आणि रविवारी परत डायब्लोसच्या शिकारीला गेलो. सोबत बैलहोंगलचा मित्र, माईकवर. तो घसा फोडून "होडी! होडी!" ओरडतोय, म्हणजे कन्नडमध्ये "हाण". शेजारी बसलेला निपाणीचा मावसभाऊ म्हणाला, "वाळवंटात होडी कुठं दिसली रे ह्याला?" हसण्याच्या नादात मी एकदा मेलो. मग डायब्लोस जमिनीत शिरला, मित्राने आवाजाचा गोळा फोडला, जनावर अर्धं वर येऊन अडकलं, आणि मी पूर्ण भरलेली तलवार दोन शिंगांच्या मधोमध सोडली. डावं शिंग तुटलं. 31 मिनिटं. लाईट होती.

चार स्टार देतोय. पाचवा मधल्या सेव्हसाठी कापलाय, आणि तो मी देणार नाही. बॅटरीचं बिल अजून कपाटात आहे.