भीतीच्या आवाजांतून सुरांची ओळख: दिवाळीच्या सुट्टीतली एक कार्यशाळा

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी पाच संध्याकाळींची एक संगीत कार्यशाळा झाली. शुल्क प्रत्येकी ३०० रुपये, वेळ साडेपाच ते साडेसात, जागा धानाच्या गोदामाची मोकळी पडवी. शिकवणारे दोघेही झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांना वर्षानुवर्षे साथ करणारे, एक ऑर्गनवर आणि दुसरे तबल्या-ढोलकीवर. मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, त्याआधीचे रिकामे दिवस त्यांनी या कामी लावले होते. विषय मात्र वेगळा होता. अंधारात भीती वाटणारे आवाज आधी ओळखायचे, मग ते हातातोंडाने काढायचे, आणि ते काढता काढता लय, मात्रा आणि स्वरांची उंची शिकायची. माझी नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा भाचा या दोघांना मी पाठवले होते आणि पाचपैकी चार दिवस स्वतःही मागे बसले होते.

पहिल्या संध्याकाळी कोणतेही वाद्य निघाले नाही. मुलांना गोदामामागच्या बांधावर डोळे मिटून दहा मिनिटे बसवले आणि कानावर काय काय पडले ते सांगायला लावले. रातकिड्यांची न तुटणारी किरकिर म्हणजे मागे वाजणारा तंबोरा आणि मधूनच उठणारी टिटवी म्हणजे त्यावरची लयीची जागा, ही ऑर्गनवाल्या सरांची फोड मुलांना लगेच पटली. थंडी वाढली की रातकिड्यांची लय संथ होते. तिसऱ्या दिवशी गारठा पडला तेव्हा माझ्या मुलीने ते स्वतःहून टिपले. त्या पहिल्याच संध्याकाळी पुढे ध्वनिवर्धकावर घुबडाचा आवाज वाजवला, आणि तिथे फजिती झाली. एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, आमच्या वावरातलं घुबड त असं नाही वरडत.’ त्याचे खरे होते. आपल्या गोठ्यामाळ्यांत राहणारे गव्हाणी घुबड घूत्कार करत नाही, ते किंचाळते आणि फिसकारते, पिंगळा चिरचिरतो, खोल घुमणारा आवाज शृंगी घुबडाचा. सरांनी चूक मान्य केली आणि त्या मुलालाच पुढे बोलावून तिन्ही आवाज काढायला लावले. मंद्र (खालचे) आणि तार (वरचे) सप्तक म्हणजे काय, हे वर्गाला त्या पाच मिनिटांत जितके कळले तितके नंतर ऑर्गनवर कळले नाही.

या कार्यशाळेची खरी कमाई म्हणजे दुसऱ्या दिवशीचा ‘खाली’चा खेळ. तीनतालाच्या १६ मात्रांवर मुलांनी अंधाऱ्या पडवीत पावले टाकायची, पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला, पाय दाणकन आपटायचा, आणि नवव्या मात्रेला, म्हणजे खालीला, टाळी न देता हात हवेत सोडून द्यायचा. खालीनंतर काही मात्रा डग्गा गप्प राहतो, नुसता उजव्या हाताचा कोरडा आवाज उरतो, आणि नेमक्या त्याच वेळी सरांनी कंदील झाकला. मुलांचा श्वास अडकला, पण मोजणी सुटली नाही, कारण मोजणी सुटली तर समेवर आपण एकटेच पाय आपटू ही भीती त्याहून मोठी होती. भूतकथेत आवाजापेक्षा आवाज थांबण्याचे भय जास्त असते. तालातली रिकामी जागा शिकवायला याहून सोपी वाट मी पाहिलेली नाही. शाळेत मी स्वतः मुलांकडून तीनताल नुसता पाठ करून घेत आले आहे, हे इथे कबूल करते.

तिसरा दिवस वस्तूंचा होता. नाटकात विजेचा कडकडाट काढायला वापरतात तो मोठा पत्रा, घोड्याच्या टापांसाठी करवंट्या, गुलमोहराच्या वाळक्या शेंगा, आणि तळाला छिद्र पाडून दोरी ओवलेला डबा, ज्याच्या दोरीवरून ओली चिंधी ओढली की डबा गुरगुरतो. काचेच्या बाटल्यांचा प्रयोग सर्वांत चांगला झाला. बाटलीत पाणी वाढवत नेले आणि चमच्याने टोला दिला तर स्वर खाली उतरतो, त्याच बाटलीच्या तोंडावर फुंकले तर मात्र वर चढतो. टोल्याने काच कंप पावते आणि पाण्याच्या भाराने तिचा कंप मंदावतो. फुंकल्यावर आतली हवा कंप पावते आणि पाण्यामुळे हवेची जागा आखूड होते. मुले यावर अर्धा तास भांडली, आणि सरांनी ती भांडू दिली.

आता तक्रारी. चौथ्या दिवशी परदेशी धर्तीच्या छापील चित्रपट्ट्या वाटल्या, त्यांत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनचे कोरलेले भोपळे आणि चेटकिणी होत्या. मुलांना त्या चित्रांशी काही देणेघेणे नव्हते. भोपळाच दाखवायचा होता तर तंबोऱ्याचा दाखवता आला असता. तोही आतून पोकरलेलाच असतो आणि त्याच्या पोकळीत सूर घुमतो. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. लयीला तीन दिवस मिळाले आणि स्वरांना जेमतेम एक. सा आणि कोमल रे एकदम दाबून दोन जवळचे स्वर एकमेकांना कसे घासतात ते दाखवले, मींडेने, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत, कोल्हेकुई काढली, ते छानच होते. परंतु ३४ मुलांत एकच ऑर्गन, त्यामुळे प्रत्येकाला पट्टीवर बोट ठेवायलाही मिळाले नाही. ३०० रुपयांत दोन पेट्या मागणे जास्तीचे आहे, तुकड्या पाडणे मात्र शक्य होते.

शेवटच्या संध्याकाळी सादरीकरणात वीज गेली, ती खरोखरच गेली, आणि सहा वर्षांचा आमचा भाचा पत्र्याच्या कडकडाटाने रडू लागला. त्याला नंतर तो पत्रा स्वतःच्या हाताने हलवायला दिला तेव्हा तो थांबला. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा, दिवसाउजेडीचा वर्ग हवा. काही पालकांची शंका होती की यातून मुलांच्या डोक्यात भुताखेतांचे खूळ भरेल; मला उलटे दिसले, कारण प्रत्येक आवाज कुठून निघतो ते आधी दाखवूनच तो वाजवला जात होता, आणि आता रात्री छपरावर काही खडखडले की मुलगी ते कशाचे असेल याचा अंदाज बांधत बसते.

पुढच्या वर्षी कोणी मुलांना पाठवणार असेल तर सोबत काचेच्या दोन रिकाम्या बाटल्या आणि एक टॉर्च जरूर द्यावी. पाचही दिवस या दोन्हींची टंचाई होती.