लॅमिनेटेड काचेचं बाल्कनी रेलिंग: 16 महिने, दोन पावसाळे

मुंबईतली पश्चिमेकडची, समुद्राचा वारा थेट खाणारी बाल्कनी. काच 8+1.52+8 मिलिमीटर, काचवाल्यांच्या भाषेत 17.52. दोन्ही थर टफन (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली काच), मधे त्यांना चिकटवून धरणारी पीव्हीबी ही प्लास्टिकची फिल्म, खाली अ‍ॅल्युमिनियम चॅनेल, वर सलग हँडरेल. 1200 बाय 1100 मिलिमीटरचं एक पॅनेल साधारण 55 किलो भरतं.

माणूस आदळला तर? ही धडक जड पण मऊ असते आणि काच थोडी वाकून ती पचवते. युरोपातली ईएन 12600 चाचणी याचीच: 50 किलोचा जुळ्या टायरचा लंबक 190, 450 आणि 1200 मिलिमीटर उंचीवरून काचेवर सोडतात. खरी भीती कडक, टोकदार वस्तूची, तीही कडेवर. मधोमध बसलेला गुद्दा टफन काच सहज सोसते, पण उघड्या कोपऱ्यावर ड्रिलचा बिट किंवा टाइलचा तुकडा लागला की अख्ख्या थराचा चुरा होतो. म्हणून वरची कड हँडरेलच्या खोबणीत झाकलेली असणं फार मोलाचं.

सातव्या महिन्यात एका पॅनेलचा बाहेरचा थर कोणाचा हातही न लागता फुटला. तड्यांच्या उगमाशी दोन जरा मोठे तुकडे, मधे सरळ रेघ, अगदी पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे. ही निकेल सल्फाइडच्या कणाची खूण मानतात. काच टफन झाल्यानंतर तो कण हळूहळू फुगतो आणि आतून काच फोडतो. हीट सोक टेस्टमध्ये काच भट्टीत 260 ते 290 अंशांच्या आसपास ठेवतात, तेव्हा अशा बहुतेक काचा तिथेच फुटून जातात. इथे ती टेस्ट झालेलीच नव्हती. ऑर्डरमध्ये लेखी मागा आणि दाखला हातात घ्या.

फिल्मनं मात्र आपलं काम चोख केलं, खाली रस्त्यावर एक दाणाही पडला नाही. आतला थर शाबूत असल्यानं पॅनेल ताठ उभं राहिलं. दोन्ही थर फुटले असते तर गोष्ट वेगळी. टफनचे बारीक दाणे एकमेकांना आधार देत नाहीत, आणि मे महिन्याच्या उन्हात काच चाळिशीपुढे तापली की पीव्हीबी मऊ पडतं. मग पॅनेल ओल्या सतरंजीसारखं लोंबतं. हँडरेल नको असेल तर पीव्हीबी घेऊच नका. एसजीपी या दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकची फिल्म त्याच्या सुमारे शंभरपट ताठ असते. महाग पडते, पण तिथे काटकसर नको. निदान एक थर हीट स्ट्रेंग्थन्ड (टफनपेक्षा सौम्य प्रक्रिया केलेली काच) घ्या, त्याचे तुकडे मोठे पडतात आणि एकमेकांत अडकून राहतात.

दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कडेला बोटभर दुधी पट्टा आला, म्हणजे तिथे फिल्म काचेपासून सुटू लागली होती. चॅनेलची निचऱ्याची भोकं सिमेंटनं बुजली होती, त्यामुळे काचेची कड महिनोन्‌महिने पाण्यात. शिवाय सांध्यांत अ‍ॅसिटिक सिलिकॉन भरलेलं. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो आणि ते पीव्हीबीची पकड सोडवतं. न्यूट्रल क्युअर, म्हणजे असं आम्ल न सोडणारं सिलिकॉनच वापरायला लावा. काच चॅनेलच्या धातूवर थेट टेकू नये, खाली रबरी ब्लॉक हवेतच.

टफन काच नंतर कापता येत नाही की भोकही पाडता येत नाही. त्यामुळे प्रत्येक पॅनेलची मापं, थरांची जाडी आणि फिल्मचा प्रकार लिहून ठेवा, बदली पॅनेल त्यावरूनच बनतं.