मापं घेतली माझी, जाकीट निघालं रेडिमेड

लग्नसराईच्या तोंडावर बेळगावातल्या एका हॉलमध्ये पुरुषांच्या कपड्यांचं प्रदर्शन लागलं होतं. ‘प्युअर लिनन, तुमच्या मापाने शिवून’ असा फलक बाहेर होता. बिनअस्तराचं एक कॅज्युअल जाकीट आणि दोन शर्ट मी तिथे शिवायला टाकले. जाकीट ११,५०० रुपये, शर्ट ३,२०० चा एक. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे कपडे घेताना. हातात आलं ते ना मापाचं होतं, ना लिननचं. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून लग्नाच्या खरेदीला बेळगावात येणाऱ्यांनी पैसे मोजण्याआधी हे वाचावं.

मापं मात्र त्यांनी अगदी रीतसर घेतली. खांदा, छाती, पोट, बाही, गळा, सगळं वहीत उतरवलं. “सर, शोल्डर सॉफ्ट ठेवतो, कॅज्युअल लूक येतो,” असं सांगितलं. कच्च्या शिलाईवर ट्रायलला कधी येऊ, असं विचारलं तर उत्तर आलं, “आमचं कटिंग कॉम्प्युटरवर असतंय, ट्रायल लागतच नाही.” कापड कॉम्प्युटरवर कापता येतं हे खरं आहे, पण एक खांदा जरा उतरता असेल किंवा पाठीला बाक असेल तर ते अंगावर घालूनच कळतं. ट्रायल टाळायचं खरं कारण वेगळंच होतं. शिवायचं काही नव्हतंच.

ते उघड झालं शहापुरातल्या आमच्या जुन्या टेलरकाकांकडे. त्यांनी जाकीट उलटं केलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि कॉलरखाली नख टेकवलं. तिथे चार कोपऱ्यांत सुईची बारीक भोकं होती आणि एका भोकात पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा अडकून राहिला होता. “हितं साइजचं लेबल होतं बघा, उसवून काढलंय. कितीला घेतलासा?” आकडा ऐकून ते क्षणभर थांबले आणि मग बाही हातात घेतली.

बाहीचं शेवटचं बटण काठाला जवळजवळ चिकटलेलं होतं. तयार बाही खालून दुमडून आखूड केली की असंच होतं. खिसे बगलेच्या शिवणीकडे सरकले होते, कारण कंबरेला दोन्ही बाजूंनी आत घेतलं होतं. खांद्यात जाड पॅड होते. सॉफ्ट शोल्डरचं जाकीट खांद्यावरून सहज उतरायला हवं, हे तर फॉर्मल कोटासारखं ताठ उभं राहत होतं. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाला संपायला हवी, ती बोटभर खाली आली होती. कंबर, बाही, लांबी नंतर थोडीफार दुरुस्त होते. खांदा दुरुस्त करणं म्हणजे जवळजवळ नव्याने शिवणंच, म्हणून मापाचे पैसे वसूल झाले की नाही हे आधी खांद्यावर बघायचं. काकांनी आतली शिवणही दाखवली. मापाने शिवणारा कारागीर उद्या अंग भरलं तर सैल करता यावं म्हणून आत माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवतो. इथे माया कातरून ओव्हरलॉक मारलेलं होतं.

कापडाचं तर विचारूच नका. आतल्या शिवणीच्या कडेतून ओढलेला कापडाचा (शिलाईचा नव्हे) एक दोरा काकांनी काडीने पेटवला. लिनन असतं तर कागदासारखं जळून मऊ राख उरली असती. हा दोरा आक्रसून वितळला आणि टोकाला कडक काळा मणी राहिला. म्हणजे त्यात पॉलिस्टरसारखा कृत्रिम धागा नक्की आहे. कापूस आणि व्हिस्कोससुद्धा कागदासारखेच जळतात, त्यामुळे राख मऊ आली म्हणून लिनन सिद्ध होत नाही. वितळलं तर मात्र ‘प्युअर’ हा शब्द खोटा.

शर्टात आणखी एक लूट होती. कागदावर शर्टाला अडीच मीटर कापड लावलं होतं. ३६ इंची पन्ह्याला, म्हणजे कापडाच्या रुंदीला, तेवढं लागू शकतं. ५८ इंची पन्ह्यात माझ्यासारख्या मध्यम अंगाच्या माणसाचा पूर्ण बाहीचा शर्ट साधारण १.६ मीटरमध्ये बसतो, आणि दाखवलेला तागा ५८ इंचीच होता. मीटरचा भाव ऐकाल तेव्हा पन्हा किती, हे लगेच विचारा.

मला दिलेला कागद ‘एस्टिमेट’ होता, त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. आपल्या सीमाभागात दोन्हीकडचे विक्रेते येतात. कर्नाटकातल्या नोंदणीचा क्रमांक २९ ने सुरू होतो, महाराष्ट्रातल्या २७ ने. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. पक्क्या बिलावर ‘लिनन’ आणि ‘मापाने शिवलेलं’ हे दोन्ही लिहून घ्या. लिहायला नकार मिळाला तर तिथूनच परत फिरा.

विक्रेत्याचा फोन आता लागत नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी करतोय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे विक्रेता कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. गरज पडल्यास आयोग कापड प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून दुसरा शर्ट मी घडी न मोडता ठेवलाय. अशाच प्रदर्शनातून कुणी कपडे घेतले असतील तर ते दुरुस्तीला टाकू नका, धुऊही नका. कॉलरखालचे, खिशाचे आणि आतल्या शिवणीचे फोटो आधी काढून ठेवा.